कारखान्यातला निरोप कुणाच्या हातात?

एक कोरा कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या कारखान्यात झालेल्या पाच गोष्टी त्यावर लिहा. बोनसची तारीख, पाळीतला बदल, रविवारचा ओव्हरटाइम, एखादा अपघात, कुणाला तरी कामावरून कमी केल्याची बातमी. आता प्रत्येकीपुढे लिहा, ही तुम्हाला कुणी सांगितली. मग फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या एखाद्याला विचारा, त्याला कुणी सांगितली. साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या बाईंना विचारा, रात्रपाळीच्या हेल्परला विचारा. नाव नावाला रेघेनं जोडत चला. अर्ध्या तासात एक-दोन नावांभोवती रेघांचं जाळं झालेलं दिसेल, आणि काही नावांपर्यंत एकही रेघ पोचलेली नसेल.

ज्याच्याभोवती जाळं झालं तो बहुतेक वेळा मालक नसतो. आमच्याकडे ती दोन माणसं निघाली. एक सुपरवायझर आणि एक टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या ऑफिसचा क्लार्क. दोघंही वाईट नाहीत. पण त्यांना सोडून कारखान्यात पान हलत नव्हतं.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, स्टोअर सांभाळते. हातमोजे, ग्राइंडिंग व्हील, गमबूट, रेझिनचे ड्रम, सगळं माझ्या खिडकीतून जातं, आणि त्याच्या मागोमाग बातम्याही. शंभराच्या आत माणसं, तीन पाळ्या, ठेकेदाराची माणसं वेगळी. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला उद्याही तिथंच कामाला जायचंय. पण गेल्या काही वर्षांत तिथं जे करून पाहिलं, ते दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. साठ-सत्तर माणसांच्या कुठल्याही जागेला हे चालेल. मशीन शॉप असो, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असो, नाहीतर मिरजेतलं एखादं हॉस्पिटल.

लोकशाही म्हटलं की माणसं थेट मतदानावर येतात. कामाच्या जागी मतदानाची वेळ येते तोवर निम्मी गोष्ट ठरून गेलेली असते, कारण आधी कुणाला कळलं यावर सगळं अवलंबून असतं. रविवारी काम आहे हे एकाला शुक्रवारी कळलं आणि दुसऱ्याला रविवारी सकाळी दहाला, तर दुप्पट दराचा ओव्हरटाइम कुणाच्या पदरात पडणार? त्यासाठी कुणी कुणावर अन्याय करायला बसलेलं नसतं. निरोपाची वाट तशी आहे, एवढंच. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी वाटा बदला. समित्या, निवडणुका, ठराव मागून येऊ द्यात.

मधला माणूस

१९५१ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लेविट यांनी एक साधा प्रयोग केला होता. पाच माणसं एका टेबलाभोवती, मध्ये आडपडदे, बोलायचं नाही, फक्त फटीतून चिठ्ठ्या द्यायच्या. प्रत्येकाच्या कार्डावर काही चिन्हं, आणि पाचही कार्डांवर असलेलं एकच चिन्ह शोधायचं. काही गटांत चौघांना फक्त मधल्या माणसालाच चिठ्ठी देता यायची. काही गटांत प्रत्येकाला आपल्या डाव्या-उजव्याला देता यायची, म्हणजे गोल. मधला माणूस असलेल्या गटांचं काम लवकर आटपलं आणि चुकाही कमी झाल्या. पण कडेच्या चौघांना ते काम कंटाळवाणं वाटलं. गोलातल्यांच्या चुका जास्त झाल्या, तरी त्यांना काम आवडलं. तुमचा नेता कोण, असं विचारल्यावर पहिल्या गटांतल्या जवळजवळ सगळ्यांनी मधल्याकडे बोट दाखवलं. त्याला निवडलं कुणीच नव्हतं. त्याची खुर्ची तिथं होती, बस्स.

पुढे इतरांनी असेच प्रयोग अवघड कोडी देऊन केले, तेव्हा उलटं झालं. मधल्या माणसाच्या डोक्यावर इतका भार आला की गोलातली माणसं पुढे गेली.

यातून मी एक नियम काढला. भट्टी ट्रिप झाली, कुणी भाजलं, ॲम्ब्युलन्स बोलवायची आहे, अशा वेळी एकच माणूस बोलेल आणि बाकीचे ऐकतील. तिथं चर्चा नको. पण कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट का होतंय, गणपतीत कुणी कधी रजा घ्यायची, पाळ्या कशा फिरवायच्या, या प्रश्नांचं उत्तर एका डोक्यात मावत नाही. ते गोलात टाका. तुमच्या कागदावरच्या पाच गोष्टींपुढे खूण करा, कुठली पहिल्या जातीची आणि कुठली दुसऱ्या. आमच्याकडे पाचापैकी चार दुसऱ्या जातीच्या निघाल्या, आणि पाचही त्याच दोन माणसांकडून येत होत्या.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आधी सुधारा

नवीन ॲप शोधायला लगेच जाऊ नका. ग्रुप आहेच ना? त्यातलं एक बटण २०१८ पासून आलंय, फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचा. बऱ्याच कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय आणि विसरून गेल्यात.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. कुपवाड उंचावर, त्यामुळे कारखाना कोरडा. पण माणसं सांगलवाडी, हरिपूर, डिग्रजकडे अडकलेली. आमच्या ग्रुपला ॲडमिन एकच, तो स्वतः पाण्यात, फोनला चार्जिंग नाही. पाळी आहे का नाही, कोण सुखरूप आहे, कुणाच्या घरच्यांना कुठं हलवलंय, हे ऐंशी माणसांना एकमेकांना सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. सगळ्यांच्या हातात फोन आणि ग्रुप मुका. तेव्हा ज्याच्याकडे ज्याचा नंबर त्यानं त्याला फोन लावत साखळी धरली. ती साखळीच पुढे आम्हाला उपयोगी पडली.

आता करायचं ते असं. ॲडमिन निदान तिघं ठेवा. तिघं तीन खात्यांतले, वेगवेगळ्या पाळ्यांतले आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांत राहणारे. त्यातला एक तरी कामगारांनी सांगितलेला असू द्या, साहेबांनी नेमलेला नको. दर तीन महिन्यांनी एक जण उतरेल आणि दुसरा चढेल. ग्रुप दोन करा. एक सूचनांचा, तिथं फक्त ॲडमिन लिहितील. दुसरा बोलण्याचा, तिथं सगळे. सूचनेवर प्रश्न असेल तर तो बोलण्याच्या ग्रुपात विचारायचा, आणि सूचना टाकणाऱ्यानं तिथं येऊन उत्तर द्यायचं. ग्रुपातून कुणाला काढायचं झालं तर कारण आधी वहीत लिहायचं (वहीचं पुढे सांगते). रात्री नऊनंतर शुभ रात्री नको, सकाळी सहाला सूर्याचे फोटो नकोत. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या उशाशी फोन वाजत असतो हे दिवसपाळीवाल्यांच्या ध्यानातच येत नाही.

एक गोष्ट पुरुषांना हमखास दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कोअर शॉपमधल्या बायकांना ते नको असतं, आणि त्यांचं बरोबर आहे. शिवाय ऑफिसात दिलेला नंबर खूपदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. आमच्याकडे एका मावशींची पाळी बदलल्याचा मेसेज चाकणला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला जायचा. तो संध्याकाळी घरी फोन करणार, मग यांना कळणार. सुरुवातीच्या कागदावर रेघांचा जो नकाशा झाला, त्यावर ज्या नावांपर्यंत रेघ पोचली नव्हती, त्यांतली निम्मी नावं याच शॉपमधली होती.

यावर तोडगा तंत्रज्ञानाचा नाही. कोअर शॉपच्या दाराशी स्वतंत्र फळा लावला. त्यांनी त्यांच्यातल्याच एकीला निवडलं, ती दोन्ही ग्रुपात आहे, आणि पाळी सुरू होताना पाच मिनिटांत सगळ्यांना वाचून दाखवते. जतकडच्या काहींना कानडी जवळचं, बिहार-ओडिशाच्या पोरांना हिंदी. त्यांच्यासाठी सूचना बोलून रेकॉर्ड करून टाकतो. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत मुख्य दाराजवळ लावाव्यात, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं. तेव्हा हे काही लाड नव्हेत.

प्रश्नवही

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. खर्च एका लांब रजिस्टरचा.

रजिस्टरला पानांचे आकडे घाला, म्हणजे पान फाडलं तर कळेल. पाच रकाने आखा. तारीख, प्रश्न, कुणाकडे, कधीपर्यंत, उत्तर. प्रश्न कुणीही लिहायचा, नाव घातलंच पाहिजे असं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानं लिहायचं. वही एचआरच्या केबिनमध्ये ठेवायची नाही. जिथं प्रत्येकाला काही ना काही कामानं यावंच लागतं तिथं ठेवा. आमच्याकडे ती माझ्या खिडकीत आहे, कारण हातमोजे घ्यायला माणूस आला तर तो वही बघायला आला की मोजे न्यायला, हे कुणाला सांगता येत नाही.

दर शनिवारी तीन वेगळ्या खात्यांतली तीन माणसं त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढतात आणि दोन्ही ग्रुपांत टाकतात. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वही एकच असेल तर ती ज्याच्या कपाटात तो तिचा मालक. फोटो साठ फोनांत गेले की उत्तर नंतर बदलता येत नाही, प्रश्न पुसता येत नाही, आणि "असं कुणी विचारलंच नव्हतं" असं म्हणता येत नाही. संगणकवाले ज्याला विकेंद्रित नोंद म्हणतात ती आम्ही बॉलपेननं करतो.

उत्तराचेही नियम आहेत. "बघू" हे उत्तर धरलं जात नाही. हो, नाही आणि का नाही, किंवा अमुक तारखेला सांगतो, एवढी तीनच उत्तरं चालतात. "नाही" लिहायला मालकांना सुरुवातीला जड गेलं. पण कारण लिहिलेलं "नाही" माणसं पचवतात. टोलवाटोलवीनं मात्र ती चिडतात.

सुरुवातीचे प्रश्न किरकोळच येतील. बाथरूमची कडी, कूलरचं पाणी, मास्कची साइज. त्यांना हसू नका. कडी बसली की लोकांना कळतं की वहीत लिहिल्यावर काहीतरी होतं, आणि मग खरे प्रश्न येतात. पीएफ भरलाय का, हा आमच्याकडचा पहिला खरा प्रश्न. उत्तर म्हणून क्लार्कनं रक्कम लिहिण्याऐवजी आम्ही त्यालाच विनंती केली की जेवणाच्या सुट्टीत चार-चार जणांना बसवून यूएएन (पीएफचा नंबर) चालू करून दे आणि उमंग या सरकारी ॲपवर पासबुक कसं बघायचं ते दाखव. त्यानं दाखवलं. आता तो प्रश्न वहीत येत नाही आणि त्याच्या खिडकीशी रांगही लागत नाही. खरं सांगायचं तर त्यालाही सुटल्यासारखं झालं.

नंतर ओव्हरटाइमची यादी आली. मागणी साधी होती. कुणाला किती मिळाला याचा तक्ता महिन्याच्या शेवटी फळ्यावर लावा. कुणाला द्यायचा हे ठरवायचा अधिकार सुपरवायझरकडेच राहू दे, फक्त तक्ता लावा. पहिला तक्ता लागला त्या दिवशी चार-पाच जणांनी मान खाली घातली. दुसऱ्या महिन्यापासून वाटप आपोआप सारखं होत गेलं. अधिकार काढून घ्यावा लागला नाही, तो नुसता उघड्यावर आणावा लागला.

मालकांशी बोलताना

मालकांना दोन भीती असतात. दर आणि गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाईल, आणि माणसं दिवसभर फोनवर बसतील. दोन्ही खऱ्या आहेत, उडवून लावू नका. पहिलीसाठी आधीच लिहून ठरवा, की दर, ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाचं नाव ग्रुपात नाही. दुसरीसाठी फोन शॉपबाहेरच्या कप्प्यात. भट्टीजवळ तो नसलेलाच बरा. म्हणूनच फळा आणि वही पाहिजे.

मग त्यांना त्यांच्या कामाचं सांगा. आमच्याकडे एका काळात कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत हवेची भोकं, फार येत होते. दिवसपाळीत यावर मीटिंगा चालल्या होत्या. रात्रपाळीच्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याला, ठाऊक होतं की रात्री उतरलेली वाळू ओलसर असते. त्यानं सांगितलं होतं, पण ज्याला सांगितलं त्याच्याकडून ते पुढे गेलं नाही, कारण वाळू मागवणारा तोच. वहीत दोन ओळींत ते आलं आणि दुसऱ्या आठवड्यात वाळू तपासून घ्यायला लागले. तुमच्या जागी अशी गोष्ट शोधा, ती सापडतेच. मालकाला समतेचं भाषण देण्यापेक्षा रिजेक्शनचा ढीग दाखवणं सोपं.

कायदाही बरोबर असू द्या. राज्यघटनेत १९७६ साली कलम ४३ अ आलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हा राज्याच्या धोरणाचा भाग झाला. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्यावर कोर्टात जाता येत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हातात धरण्यासारखं काही आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती पाहिजे. निम्मे सदस्य कामगारांचे, निम्मे मालकांचे, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. कामगारांत बायकांचं जेवढं प्रमाण, समितीत निदान तेवढं. तक्रार आल्यावर तीस दिवसांत काम संपवायचं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती वेगळी, ती दहा माणसांच्या जागीही लागते. त्या तक्रारी प्रश्नवहीत लिहायच्या नाहीत. हे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, आणि समितीतल्या बाईंचं नाव कोअर शॉपच्या फळ्यावर.

ही समिती बऱ्याच ठिकाणी कागदावर असते. तिला जिवंत करायचा सोपा मार्ग म्हणजे प्रश्नवहीत तीन आठवडे उत्तर न आलेला प्रश्न आपोआप तिच्याकडे जाणार, असं ठरवून घेणं. आणि युनियन असेल तर तिच्या लोकांना पहिल्या दिवशी बोलवा. पगारवाढीचा करार हे त्यांचं काम. वही हे त्याला पर्याय म्हणून कुणी मालक पुढे करत असेल तर सावध व्हा.

गोलात बसायचं कसं

ग्रुपात बोलणं होतं, निर्णय होत नाही. साठ माणसांच्या चर्चेत पाच जण बोलतात आणि पंचावन्न अंगठे दाखवतात.

नेदरलँड्समध्ये गेरार्ड एंडेनबर्ग यांनी विजेची कामं करणाऱ्या आपल्या घरच्या कंपनीत एक पद्धत बसवली, तिच्यातल्या दोन गोष्टी आम्ही उचलल्या. एक, निर्णयाला सगळ्यांची पसंती लागत नाही, पण कुणाची सकारण हरकत राहता कामा नये. "तुला हे आवडलं का?" असं विचारलं की वाद सुरू. "यात तुझं काम अडेल असं काही आहे का?" असं विचारलं की माणूस नेमकं बोलतो. दुसरी, वरच्या बैठकीला प्रत्येक खात्यातून दोघं जातात. एक त्यांचा प्रमुख, दुसरा खात्यानं स्वतः निवडलेला. प्रमुख खालचं वर नेताना गाळतो, वरचं खाली आणताना रंगवतो. मनुष्यस्वभाव आहे. दुसरा माणूस शेजारी बसला की गाळणं-रंगवणं आपोआप कमी होतं.

आठ-दहा जणांचा गोल करा. पाळी बदलताना पंधरा मिनिटं, ती पगारी पाहिजेत. जाणाऱ्या पाळीचे निम्मे, येणाऱ्या पाळीचे निम्मे. बोलायची सुरुवात सगळ्यात नव्या पोरापासून, सुपरवायझर सगळ्यात शेवटी. आधी तो बोलला तर बाकीचे नुसते मान डोलावतात. प्रत्येकाचं एकदा झाल्याशिवाय दुसऱ्यांदा कुणी बोलायचं नाही. पहिल्या काही बैठकांत अर्धे जण "माझं काही नाही" म्हणतील. पुढे जा, आग्रह करू नका.

सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, ही आपल्याकडची जुनी रड खरी आहे. एक मधला माणूस काढला आणि त्याच्या जागी नियम आणला नाही, तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ती खुर्ची घेतो. तो ॲडमिनपेक्षा वाईट, कारण त्याला उतरवायची काही रीतच नसते. प्रति सरकार १९४३ ते १९४६ आपल्याच भागात चाललं, त्याचं एक ठाणं कुंडल तर किर्लोस्करवाडीला लागून. ते गटागटांचं होतं, पण मोकाट नव्हतं. निवाडे कुणी करायचे, निरोप कुणी न्यायचा, याची रीत ठरलेली होती. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत असतानाही गावोगावचं काम थांबलं नाही.

स्वतःचं ॲप लागतं का?

बहुतेकांना लागत नाही. पण पुढेमागे विचार करणार असाल तर हे समजून घ्या. जीमेलवाल्याला याहूवर ईमेल पाठवता येते, कारण ईमेल एका कंपनीची नाही. व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्या मालकांचं. ईमेलसारखी, म्हणजे आपला सर्व्हर (निरोप साठवणारा आणि पोचवणारा संगणक) आपण ठेवून बाकीच्यांशी बोलता येईल अशी चॅटची पद्धत १९९९ पासून आहे, एक्सएमपीपी. २०१४ मध्ये तशीच मॅट्रिक्स आली. फ्रान्सच्या सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी टशॅप नावाचं ॲप तिच्यावरच उभं केलं. मात्र मॅट्रिक्सचं प्रसिद्ध ॲप एलिमेंट आणि इंटरनेटशिवाय ब्लूटूथवर चालणारं ब्रायर, ही दोन्ही केंद्र सरकारनं मे २०२३ मध्ये बंदी घातलेल्या चौदा ॲपांत होती. इंटरनेटवर कुणीतरी शिफारस केली म्हणून कामगारांच्या फोनात ती घालायला जाऊ नका, नोकरीबरोबर नसती भानगड मागे लागेल.

मला यातलं डेल्टा चॅट विचार करण्यासारखं वाटतं. ते ईमेलच्या पायावर चालतं, आणि त्याच्या साध्या ग्रुपात ॲडमिन नसतोच. कुणीही कुणाला घेऊ शकतो आणि काढूही शकतो. भांडखोर जागी हे चालणार नाही. आठ-दहा जणांच्या विश्वासाच्या गोलाला चालेल.

कुठलंही ॲप पुढे आलं की तीन प्रश्न विचारा. मला यातून कोण काढू शकतं? मी लिहिलेलं कोण पुसू शकतं? उद्या कंपनीनं हे बंद केलं तर जुनं लिहिलेलं कुणाकडे राहील? तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल तर ते ॲप म्हणजे नव्या रंगाचं टाइम ऑफिस. आणि सर्व्हर कंपनीचा असेल तर मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कुणाशी किती वाजता बोललं ते दिसू शकतं, हे सगळ्यांना आधी सांगा.

ठेकेदाराची माणसं

हा भाग सगळ्यात अवघड, आणि नकाशावर रेघ न पोचलेली उरलेली निम्मी नावं यांचीच. ती कंपनीच्या ग्रुपात नसतात, कारण ती कंपनीची नाहीत असं सांगितलं जातं. पण वाळू तीच ओढतात, आणि भाजतंही बहुधा त्यांनाच.

त्यांना ग्रुपात घेण्यासाठी भांडत बसू नका, वहीपासून सुरू करा. वही खिडकीत आहे, लिहिणाऱ्याचं कार्ड कुणी तपासत नाही. आमच्या ठेकेदाराला राग आला, माझी माणसं तुमच्या वहीत का लिहितात म्हणून. त्याला सांगितलं, दादा, "कुणाकडे" या रकान्यात तुमचंही नाव येऊ शकतं, शनिवारी येऊन उत्तर लिहून जा. दोन-तीनदा टाळलं, मग यायला लागला, कारण उत्तर नसलेल्या रकान्याचा फोटो मालकांच्या फोनातही जात होता.

यांचे प्रश्न पगाराचे असतात. पगारपत्रक नाही, महिन्याचे दिवस कमी धरले, हातात दिलेले आणि कागदावरचे पैसे वेगळे. अशा वेळी वहीत एकट्या ठेकेदाराचं नाव घालून थांबू नका. ठेकेदारानं मजुरी दिली नाही किंवा कमी दिली तर ती द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ते होतं आणि नव्या कामगार संहितांतही ती तरतूद ठेवलेली आहे. म्हणून पगाराच्या प्रश्नापुढे "कुणाकडे" या रकान्यात दोन नावं लिहा, ठेकेदाराचं आणि त्याखाली मालकांचं, आणि "कधीपर्यंत"मध्ये पुढच्या पगाराच्या आधीची तारीख घाला.